अल्पमोल मालाची जकात

फारसी-अरबीतून मराठीत आलेल्या शब्दांची मोजदाद करू गेल्यास ती सहजासहजी संपणार नाही. परंतु मूळ अर्थापासून 'जकात' या शब्दाइतका दूर गेलेला शब्द त्यांत क्वचितच सापडेल. मुळात जकात म्हणजे धर्माने सांगितलेले दान. ज्याच्यापाशी गरजेहून अधिक द्रव्य आहे, त्याने त्याचा ठराविक अंश दीनदुबळ्यांस द्यावा, अशी ती आज्ञा. मराठीत येईपर्यंत या शब्दाचे तोंडच फिरले. ज्याच्यापाशी आहे त्याने आपण होऊन द्यावयाचे, याऐवजी जो नाक्यावरून जाईल त्याच्याकडून सरकारने घ्यावयाचे, असा अर्थ रूढ झाला.

शब्दाच्या या प्रवासात एक महत्त्वाची गोष्ट मात्र वाटेत गळून पडली. मूळ जकातीस 'निसाब' नावाची एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या खाली ज्याची संपत्ती आहे त्याच्यावर जकातीचे बंधन नाही. शब्द आला, निसाब मागे राहिला. आणि आमच्या मते आपल्याकडील जकातीचा सारा इतिहास म्हणजे या हरवलेल्या निसाबाच्या शोधाचा इतिहास आहे. राजाने मोठ्या व्यापाऱ्याच्या मालावर किती कर घ्यावा, यावर पुष्कळ ग्रंथ झाले. परंतु डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्याच्या मालाचे काय करावे, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. मोठ्या मालास जकात जड जाते. लहान मालास जकात नव्हे, तर जाहीरनामा जड जातो. माल कोणता, किती, कोठून आला, किंमत काय, हे सांगणे; सांगितलेले खरे आहे हे पटवून देणे; आणि पटेपर्यंत थांबून राहणे. या तिन्हींचा खर्च मालाच्या किमतीप्रमाणे कमी होत नसतो. सरकारी मेजावर बसून नमुने तपासण्यात ज्यांचा दिवस जातो, अशा आम्हा लोकांस तर हे निराळे सांगावयास नको.

प्रश्न नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा उभारावी, तिच्यावर ध्वज लावावा, आणि तेथे चार-पाच अधिकाऱ्यांनी आलेल्या व्यापाऱ्यांची नावे, गावे, मालाचे परिमाण आणि मालावर मुद्रा कोठे उमटवली याची नोंद करावी, असे तेथे सांगितले आहे. आजच्या कोणत्याही जाहीरनाम्याच्या नमुन्यात याहून फारसे निराळे रकाने नसतात. शुल्काच्या भयाने माल किंवा मोल कमी सांगणाऱ्याचे जे अधिक निघेल ते राजाने घ्यावे किंवा आठपट शुल्क वसूल करावे, अशी शिक्षाही आहे.

पण याच प्रकरणात एक सुंदर अपवाद येतो. विवाहाचे सामान, नववधूबरोबर जाणाऱ्या वस्तू, भेटीच्या वस्तू, यज्ञ, प्रसूती, देवपूजा, चौल, उपनयन अशा कार्यांसाठी लागणारे सामान, हे सारे 'उच्छुल्क', म्हणजे शुल्कमुक्त जावे, असे तो कठोर अर्थशास्त्रज्ञ सांगतो. ज्या वस्तूंच्या देवघेवीत व्यापार नाही, केवळ संसार आहे, त्यांना नाक्यावर अडवू नये, हे तत्त्व त्यात उघड आहे. मात्र त्यापुढेच, असे खोटे सांगून जो माल सोडवील त्यास चोरीचा दंड करावा, असेही तो म्हणतो. अपवाद केला की त्याचा आडोसा घेणारा येणारच, हे तो जाणून होता. पुढची दोन सहस्र वर्षे राज्यकर्ते या दोन वाक्यांच्या मध्येच घुटमळत राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मराठेशाहीतील जकातीचा पसारा इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. माल जेथे भरला तेथे 'थळभरीत', जेथे उतरून विकला तेथे 'थळमोड', आणि मधल्या वाटेवर ठिकठिकाणचे नाके. नाके सरकारचे, जहागीरदारांचे, इनामदारांचे. त्यामुळे एकाच बैलाच्या पाठीवरच्या एकाच गोणीने किती जणांचे देणे द्यावे याची गणती नसे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या गुंतागुंतीतून निघालेल्या एका धंद्याची नोंद आहे. तो धंदा हुंडेकऱ्यांचा. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकच रक्कम ठरवून घेई आणि वाटेवरच्या सर्व नाक्यांचे देणे स्वतः भागवून माल मुक्कामी पोचवी. नाक्यावरील भाषा, दर आणि माणसे त्याच्या परिचयाची. व्यापाऱ्यास फक्त त्याच्याशी ठरवायचे. आज हुंडेकरी हे आडनाव तेवढे आपल्या कानावर पडते. पण परदेशाहून आलेले पुडके सोडवून घरपोच आणणाऱ्या कंपन्या आपल्या पावतीवर जकात आणि तिच्या भरण्याची मजुरी अशा दोन निराळ्या रकमा लावतात, तेव्हा तो जुना हुंडेकरीच नवा पोशाख करून दारात उभा असतो.

या व्यवस्थेतही निसाबाची एक सोय होती. तिचे नाव दस्तक. अमक्याचे घरखर्चाचे धान्य, अमक्याचे कबिल्याचे सामान जात आहे, त्यास जकातीचा उपसर्ग न व्हावा, अशा आशयाची दस्तके पेशव्यांच्या दप्तरात आढळतात. परंतु दस्तक मिळे ते ज्याचा दरबारात वशिला त्यास. ज्याला सवलतीची खरी गरज, त्या टोपलीवाल्यास दस्तक कोण देणार? सवलत होती, पण ती मालाच्या लहानपणावर नव्हती, माणसाच्या मोठेपणावर होती.

आमच्या जबलपूरचा या कथेशी निकटचा संबंध आहे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले आणि जबलपूर हे त्यांच्या कारभाराचे ठाणे झाले. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. पुढे सागर-नर्मदा प्रदेश या नावाने त्याचा कारभार चालू लागला. १८३५ च्या सुमारास या प्रदेशावर कमिशनर म्हणून आलेला फ्रेडरिक जॉन शोअर हा एक विलक्षण अधिकारी होता. एका माजी गव्हर्नर जनरलचा मुलगा. पण कंपनीच्या राज्यकारभारावर त्याच्याइतकी निर्भीड टीका तिच्याच नोकरांपैकी फार थोड्यांनी केली असेल. १८३७ साली लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या दोन खंडांच्या ग्रंथात अंतर्गत जकातीचाही विचार आहे.

शोअरचे म्हणणे थोडक्यात असे. देशी राजांच्या अमलात चाळीस, पन्नास, साठ मैलांवर नाके असत, आणि तेथे ओझ्यावर कर घेत. बैलाचे ओझे, तट्टाचे ओझे, उंटाचे ओझे, गाडीभर माल, असे दर ठरलेले. आत काय आहे, त्याची किंमत काय, हे कोणी विचारीत नसे. त्यामुळे झडतीचे कारणच नसे. दर इतका हलका की चुकवण्याचा खटाटोप कोणास परवडू नये. जो थोडे अंतर जाई तो थोडेच नाके ओलांडी आणि थोडेच देई. कंपनीने या सर्व नाक्यांच्या रकमांची बेरीज केली, ती एकदमच वसूल करण्याचे ठरवले, आणि व्यापाऱ्याच्या हाती एक कागद दिला. त्या कागदाचे नाव रवन्ना.

वरवर पाहता ही सुधारणाच. एकदा भरा, कागद घ्या, निर्वेध जा. परंतु घडले ते उलट. दोन कोसांवरच्या बाजारी जाणाऱ्यास दोनशे कोस जाणाऱ्याइतकेच देणे आले. कर किमतीवर बसल्यामुळे किंमत सांगणे आले. सांगितलेले पडताळणे आले. पडताळण्यासाठी गाठोडे सोडणे आले. रवन्न्यात लिहिलेला माल आणि गाठोड्यातला माल यांत तिळभर फरक निघाला की चौकीवरच्या शिपायाचे फावले. रवन्न्याची मुदत एक वर्षाची. तोवर माल विकला गेला नाही तर हा तोच माल असे सिद्ध करण्यासाठी पुन्हा धावाधाव. एल्फिन्स्टनने वर्णिलेल्या मराठी मुलखाच्या पसाऱ्याशी शोअरचे हे चित्र ताडून पाहता, जुनी व्यवस्था त्याने थोडी उजळ रंगवली असावी असे वाटते. पण त्याने दाखवलेला भेद खरा आहे. ओझ्यावरचा कर ओझे पाहून घेता येतो. किमतीवरचा कर माणसाचा शब्द पडताळून घ्यावा लागतो. जाहीरनामा आला की अविश्वास त्याच्या पाठोपाठ येतोच.

याच सुमारास चार्ल्स ट्रेव्हेल्यन या तरुण अधिकाऱ्याने बंगाल इलाख्यातील अंतर्गत जकातीवर एक अहवाल लिहिला, तो फार गाजला. त्यातील एक हिशेब पाहावा. कच्च्या कातड्यावर शेकडा पाच. ते कमावून चामडे झाले की आणखी पाच. चामड्याचे जोडे झाले की पुन्हा पाच. म्हणजे चांभाराच्या हातून गेलेल्या एका जोड्याने शेकडा पंधरा दिले. कापसाचा, सुताचा, कापडाचा आणि रंगाचा हिशेब केला तर तो शेकडा साडेसतरापर्यंत पोचे. लॉर्ड एलेनबरोने १८३५ साली कंपनीच्या संचालकांस लिहिताना, करपात्र जिनसांची संख्या २३५ आहे आणि घरगुती वापराची बहुतेक वस्तू त्या यादीत आहे, असे दाखवून दिले. झडतीचा अधिकार प्रत्येक शिपायाने खरोखरच बजावला तर देशातील व्यापारच थांबेल, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. याचा अर्थ असा की, व्यापार चालू होता तो अधिकार बजावला जात नव्हता म्हणून. आणि तो का बजावला जात नव्हता, हे चौकीवरच्या अल्पवेतनी शिपायास आणि त्याच्यापुढे हात ओला करणाऱ्यास ठाऊक होते. १८३६ साली बंगाल इलाख्यात, १८३८ साली मुंबईत आणि १८४४ साली मद्रासेत ही अंतर्गत जकात बंद झाली.

पण एक वस्तू सुटली नाही. ती वस्तू म्हणजे मीठ. आणि मिठासाठी जे उभारले गेले, त्याची कथा आज ऐकताना खरी वाटत नाही.

उत्तर हिंदुस्थानात मिठावर कर जबर, मुंबई-मद्रासेकडे त्या मानाने हलका. १८६९ नंतरचे दर असे: बंगालात मणास सव्वातीन रुपये, उत्तरेच्या प्रांतांत तीन रुपये, मुंबई आणि मद्रास इलाख्यांत एक रुपया तेरा आणे. साहजिकच कोकणच्या मिठागरांतले आणि राजपुतान्यातल्या सांभर सरोवराचे मीठ उत्तरेकडे आणि पूर्वेकडे चोरून जाऊ पाही. ते अडवण्यासाठी सरकारने देशाच्या अंगावरून एक रेषा आखली. सिंधू नदीपासून निघून दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद यांच्या बाजूने ती बऱ्हाणपुराकडे उतरे आणि तेथून पूर्वेकडे वळून मध्यप्रांत ओलांडीत महानदीच्या खोऱ्यात पोचे. लांबी दोन हजार मैलांहून पुष्कळ अधिक. आमचे जबलपूर या रेषेच्या आतल्या, म्हणजे महाग मिठाच्या बाजूस पडले. ज्या बऱ्हाणपुरावरून मराठ्यांच्या फौजा उत्तरेस जात, तेथून पुढे आता कोकणच्या मिठास वाट बंद झाली.

ही रेषा केवळ नकाशावर नव्हती. तिच्यावर कुंपण होते. प्रथम वाळक्या काट्यांचे. ते वाळवी खाई, वणव्यात जळे, वाऱ्याने उडे. म्हणून जिवंत कुंपण लावण्याचे काम निघाले. बाभूळ, बोर, करवंद, थोर, निवडुंग, ज्या जमिनीत जे रुजेल ते. काही ठिकाणी बारा फुटांपर्यंत उंच. जेथे झाड रुजेना तेथे दगडी भिंत किंवा खंदक. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचा कमिशनर म्हणून कुंपणाची लागवड नेटाने करणारा अधिकारी म्हणजे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ साली ज्याने राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तोच हा ह्यूम! १८६९ साली या रेषेवर सतराशेंहून अधिक चौक्या होत्या आणि सुमारे बारा हजार माणसे रात्रंदिवस पहारा करीत होती. मराठ्यांच्या इतिहासकाराचा, जेम्स ग्रँट डफचा मुलगा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हिंदुस्थानात हिंडून गेला, तेव्हा त्यास या कुंपणाला उपमा द्यावयास चीनच्या भिंतीखेरीज दुसरे काही सापडले नाही.

आता या अवाढव्य खटाटोपाचा हिशेब सामान्य माणसाच्या मापाने करून पाहू. मणाचे चाळीस शेर. मणास तीन रुपये म्हणजे शेरास एक आणा आणि दोन पैंहून किंचित अधिक. मणास एक रुपया तेरा आणे म्हणजे शेरास पाऊण आण्याहून किंचित कमी. दोहोंतील अंतर शेरामागे सुमारे अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्यासाठी बारा हजार माणसे आणि दोन हजार मैलांचा पहारा! व्यापाऱ्याच्या तांड्यास याचे फारसे काही वाटत नसे. तो जकात भरी, दाखला घेई आणि मिठाच्या भावात ती वसूल करी. परंतु ज्याचे शेत कुंपणाच्या एका अंगास आणि घर दुसऱ्या अंगास, ज्याची गुरे पलीकडे चरत, ज्या बाईचे माहेर पलीकडच्या गावी, त्यास आणि तिला दर खेपेस चौकीवर थांबणे भाग होते. मीठ नाही हे सिद्ध करणे हे ज्याच्यापाशी मीठ नाही त्याचेच काम. मीठ चोरून नेल्याबद्दल १८७७-७८ या एकाच वर्षात सहा हजारांवर माणसांस शिक्षा झाल्या. आणि ती वर्षे दुष्काळाची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ती माणसे कोण असतील हे निराळे सांगावे लागत नाही.

या रेषेवर जकात दुतर्फा होती. बाहेरून आत येणारे मीठ आणि आतून बाहेर जाणारी साखर, दोहोंची तपासणी. दरम्यान १८७० च्या मार्चमध्ये जबलपुरास दोन रेल्वेमार्ग येऊन मिळाले आणि मुंबईहून कलकत्त्यापर्यंत आगगाडी सुरू झाली. आगगाडीच्या युगात काटेरी कुंपण टिकणार कसे? सांभर सरोवराचा ताबा सरकारने करारांनी आपल्याकडे घेतला. निरनिराळ्या प्रांतांतील दर एकमेकांच्या जवळ आणले. साखरेवरची जकात १८७८ साली उठवली. आणि १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा बंद झाली. कर मात्र गेला नाही; तो मीठ तयार होते तेथेच घेण्यास सुरुवात झाली. हा बदल आम्हांस अत्यंत बोधप्रद वाटतो. कर जेथे थोड्या माणसांकडून घेता येतो तेथे घ्यावा, म्हणजे लाखो माणसांस जाहीरनामे द्यावे लागत नाहीत. एवढी साधी गोष्ट समजण्यास जवळजवळ अर्धे शतक गेले. कुंपण पुढे इतके विसरले गेले की रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकास त्याचा अवशेष शोधण्यासाठी वर्षानुवर्षे हिंडावे लागले. १९९८ साली इटावा जिल्ह्यात त्यास एक तुकडा सापडला.

मिठाच्या कथेचा उत्तरार्ध सर्वांस ठाऊक आहे. १९३० च्या एप्रिलात गांधीजींनी दांडीस मूठभर मीठ उचलले. कोकणात शिरोड्यास, मुंबईत वडाळ्यास मीठ लुटले गेले. समुद्र नसलेल्या जबलपुरासही सेठ गोविंददास आणि पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने मिठाचा कायदा मोडला गेला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यापुढची एक तपशिलाची बाब अधिक महत्त्वाची आहे. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात, ज्या गावांत मीठ गोळा करता येते तेथील लोकांनी घरच्या वापरापुरते आणि गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ करण्यास हरकत नाही, असे मान्य झाले. कर उठला नाही, तो १९४७ साली उठला; पण त्या कलमाने मिठास निसाब मिळाला. साम्राज्याशी केलेल्या वाटाघाटीत महात्म्याने टोपलीभर मिठाची तरतूद करून घेतली, हे त्या करारावर टीका करताना पुष्कळदा विसरले जाते.

यानंतरचा काळ आपल्या परिचयाचा. शहरांच्या वेशीवरचे नाके पुष्कळ वर्षे राहिले. आपल्याकडे त्यास जकात म्हणत, इकडे चुंगी. चुंगी म्हणजे मूळचा चिमूटभर किंवा मूठभर वाटा. मध्यप्रदेशात ही चुंगी १९७६ साली गेली. मुंबईचे जकातनाके १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर गेले. त्यानंतर १ एप्रिल २०१८ पासून परप्रांती जाणाऱ्या मालासाठी 'ई-वे बिल' नावाचा कागद आला. नाव नवे, यंत्र नवे. वस्तू मात्र तीच, रवन्ना. परंतु या रवन्न्यास जन्मतःच निसाब होता: पन्नास हजार रुपयांच्या आतील मालास सामान्यतः तो नको. शिवाय बैलगाडीसारख्या बिनयंत्राच्या वाहनातून जाणाऱ्या मालास नको, आणि वापरलेल्या घरगुती सामानास नको. दर तीन-चार वर्षांनी बदलीच्या हुकमाबरोबर भांडीकुंडी, देव्हारा आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या आमच्या वाचकांनी या शेवटच्या अपवादाकडे अवश्य लक्ष द्यावे. पेशव्यांच्या काळी ज्यासाठी दस्तक मिळवावे लागे, ते आता वशिल्यावाचून सर्वांस मिळते. इतिहासात प्रगती म्हणून काही असते की नाही असा प्रश्न कोणी केला, तर हे एक लहानसे उत्तर देता येईल.

देशाच्या सीमेवर मात्र गोष्ट अजून मिटलेली नाही. परदेशाहून येणाऱ्या टपालाच्या पुडक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. आत काय, वजन किती, किंमत किती, भेट आहे की व्यापारी माल, एवढेच तीत विचारलेले असते. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या भाषेत ती 'सीएन २२'. नाणेनिधीच्या तीनशे एककांहून अधिक किमतीच्या मालास 'सीएन २३' हा मोठा नमुना. आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात टपालाने आलेल्या मालापुरते या चिठ्ठीलाच जाहीरनाम्याचे स्थान दिलेले होते. तळहाताएवढी चिठ्ठी आणि पाठवणाऱ्याचा शब्द, एवढ्यावर काम चाले. बारीकसारीक भेटींस ठराविक किमतीपर्यंत शुल्क माफ असे. अमेरिकेतील मुलाने आईस पाठवलेली गरम शाल, इंग्लंडमधील आत्याने भाच्यास पाठवलेले रंगांचे खोके, ही सारी कौटिल्याच्या अर्थाने उच्छुल्क जात.

मग परदेशी दुकानांनी हजारो गिऱ्हाइकांचा माल 'भेट' म्हणून निरनिराळ्या पुडक्यांतून पाठवण्यास सुरुवात केली. देशातला दुकानदार कर भरतो, परदेशातला भेटीच्या आडून सुटतो, ही तक्रार खोटी नव्हती. अखेर १२ डिसेंबर २०१९ रोजी सरकारने भेटीची ही सवलत काढून घेतली. प्राणरक्षक औषधे आणि राखी एवढ्यांचा अपवाद ठेवला. राखीचा धागा सुटला. त्याबरोबरची भेट सुटली नाही. खोटे सांगणाऱ्यास चोरीचा दंड करावा, असे कौटिल्य म्हणाला होता. चोर हाती लागत नाही म्हणून सर्वांचीच वाट बंद करावी, असे तो म्हणाला नव्हता.

दूरच्या अमेरिकेनेही हेच केले. तेथे १९३८ सालच्या एका कायद्याने, ज्या मालापासून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा सरकारचा खर्च आणि त्रास अधिक, तो माल शुल्कावाचून सोडण्याची तरतूद केली होती. प्रारंभी मर्यादा एक डॉलरची, भेटीस पाच डॉलरची. वाढत वाढत ती २०१६ साली आठशे डॉलरवर गेली, आणि एका वर्षात अशी शंभर कोटींहून अधिक पुडकी येऊ लागली. २९ ऑगस्ट २०२५ रोजी ती सवलत सर्व देशांच्या मालापुरती बंद करण्यात आली. शुल्क कोणी वसूल करावे आणि कसे पोचवावे हेच स्पष्ट नसल्यामुळे आपल्या टपालखात्यास २५ ऑगस्टपासून तिकडे जाणारी बहुतेक पुडकी घेणे थांबवावे लागले. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी आणि पत्रे तेवढी प्रथम वगळली होती. ही सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्या सात आठवड्यांत दसरा येऊन गेला. मोठ्या निर्यातदारांस आपले हुंडेकरी होते; मुलास पुस्तके आणि कपडे पाठवणाऱ्या आईबापांस टपालाची खिडकी एवढाच आधार होता.

या साऱ्या इतिहासातून सरकारी नोकरांनी काय घ्यावे? मर्यादा ठेवली की तिचा गैरफायदा घेणारे येतात, हे खरे. मोठा माल तुकडे करून लहान दाखवला जातो, व्यापारास भेट म्हटले जाते, हेही खरे. खजिन्याचे रक्षण हे आपले कर्तव्यच आहे. परंतु ट्रेव्हेल्यनच्या काळची चौकी आणि बऱ्हाणपूरचे कुंपण आपणांस असे सांगतात की, लहान मालाची कसून तपासणी केल्याने मोठा चोर सापडत नाही. तो दुसऱ्या वाटेने जातो, आणि नाक्यावर उभी राहतात ती गरीब माणसे. ज्या दोन व्यवस्था टिकल्या, त्या दोन्ही साध्या होत्या. एक ओझे पाहून हलका, ठरलेला कर घेण्याची. दुसरी जेथे माल तयार होतो तेथेच कर घेऊन पुढची वाट मोकळी ठेवण्याची. परदेशी दुकानाच्या बाबतीतही या दुसऱ्या मार्गाचा विचार करता येईल: कर दुकानाकडूनच घ्यावा, पुडक्याच्या दारी उभ्या असलेल्या म्हातारीकडून नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे, ती कायद्यात बसत नाही, पण मेजावर बसणाऱ्याच्या हाती असते. रुपयांत ठरवलेली मर्यादा दरवर्षी आपोआप लहान होत जाते, कारण रुपया लहान होतो. ती वेळोवेळी वाढवावी, अशी टिपणी वर पाठवणे हे कारकुनाचेही काम आहे. आणि मर्यादेच्या आत जे आहे, त्याबाबत नागरिकाने लिहिलेला शब्द तो खोटा ठरेपर्यंत खरा धरावा. निसाब हा आकडा आहे खरा; पण त्याचा मूळ अर्थ असा की, अमुक एका रेषेखालच्या माणसापुढे राज्याने आपला हात पसरू नये, आणि त्याच्या गाठोड्यातही घालू नये.